अठ्ठेचाळीस तास आणि झांजिबारच्या लवंगा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली पोरं मला जिन्यात अडवून विचारतात, आफ्रिकेला जायला काय काय लागतं रे? एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढतोय. ज्याला जायचंय त्याने कामाचं तेवढं घ्यावं. बाकीचं माझं आहे, ते सोडून वाचलं तरी चालेल. मला मात्र ते सोडून लिहिता आलं नाही.

आधी मी गेलो कसा ते सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. 'सोडलं' हा माझा शब्द, कॉलेजचा वेगळा आहे. प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्या वर्गासमोर माझं जर्नल फेकलं आणि मी ते उचलून त्यांच्याकडे परत फेकलं, एवढंच झालं. मग आठ महिने घरी. वडील गिरणीत होते. संपानंतर ते भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर बसायला लागले होते, आणि मी घरात पंख्याखाली. शेवटी अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत टेंपररी क्लार्क म्हणून चिकटलो. ही कंपनी बराइट नावाचा जड दगड दळून त्याची पावडर विकायची. तेलाची विहीर खणताना भोकात चिखलासारखं पातळ मिश्रण सोडतात, ते जड राहावं म्हणून ही पावडर लागते.

त्या ऑफिसात टेलेक्सच्या मशीनवर अलका बसायची.

टेलेक्स ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: टाइपरायटरसारखं मशीन, पण इथे टाइप केलं की ते हजारो मैलांवरच्या दुसऱ्या मशीनवर उमटतं. लाइनचे पैसे मिनिटावर, म्हणून मजकूर आधी कागदाच्या अरुंद पट्टीवर भोकं पाडून घ्यायचा आणि मग ती पट्टी सरसर सोडायची. अलका ती भोकं नुसती उजेडासमोर धरून वाचायची, आपण पाटी वाचतो तशी. मला पट्टी पाडायला तिनेच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमागच्या गोरखचिंचेखाली चहाची टपरी होती, तिथे बाकीचं शिकलो.

दोन वर्षांनी मी घाटकोपरला तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना विचारलं. ते सरकारी नोकरीतले, सरळ माणूस. म्हणाले, "पर्मनंट झालास की ये. तोवर येऊ नकोस." मी चिडून चहा न पिताच उठलो. जिन्यात अलका म्हणाली, "'नाही' असं तर नाही ना म्हणाले ते? मग? पर्मनंट हो ना."

तेवढ्यात आफ्रिका निघाली.

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गॅस शोधायला एक विहीर खणायची होती. भागीदार तिघे. एक तिथली सरकारी कंपनी, जमिनीखालचं सगळं तिचं. दुसरी युरोपातली मोठी कंपनी; यंत्रं तिची, माणसं तिची, प्रत्यक्ष काम तीच करणार, म्हणून तिला ऑपरेटर म्हणायचं. आणि तिसरे आम्ही, पाच टक्क्यांचे. इतकं परकी चलन बाहेर न्यायला परवानगी मिळेना, म्हणून आमचा वाटा बहुतेक गोण्यांत होता. बराइट आमचं, आणि आमच्या बाजूने विहिरीवर एक भूगर्भतज्ज्ञ: कर्णिकसाहेब. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्म्याला दोरी, खिशात भिंग. त्यांना तिथल्या मुख्य शहरात, दारेसलामला, पत्रव्यवहार सांभाळायला पट्टी पाडता येणारा माणूस हवा होता. त्यांनी माझं नाव घेतलं आणि आमच्या मालकांसमोर, शेठजींसमोरच म्हणाले, "तीन महिने डोकं थंड ठेवून काढ. आल्यावर तुझ्या पर्मनंटचा कागद मी स्वतः लिहितो."

म्हणजे माझ्या लेखी त्या विहिरीच्या तळाशी गॅस नव्हता, अलका होती.

निघताना काय लागतं ते लिहितो. पासपोर्ट, व्हिसा, आणि पिवळ्या तापाची लस. ही लस निदान दहा दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा, नाहीतर उतरल्यावर बाजूला बसवतात. बॅगेत अंगाचा साबण जास्तीचा घ्या. तिकडे पैसे असले तरी दुकानात साबण असेलच असं नाही. डास मुलुंडला लाजवतील असे, तेव्हा हिवतापाच्या गोळ्या चुकवू नका. मुलुंडहून सहार विमानतळाला पवई-मरोळमार्गे टॅक्सीने तास धरा.

वडील सोडायला आले होते. काचेच्या दारापाशी म्हणाले, "वायच सांभाळून ऱ्हव. कोणाच्या अंगार धावान जाव नको." अलका आली नाही, तिला ड्यूटी होती. पण आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर तिने ठरवून टाकलं होतं: रोजचा ऑफिसचा मजकूर संपला की एक ओळ आमची. शेवटी अधिकचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह टाकायचं. टेलेक्सवाल्यांत त्याचा अर्थ, माझं झालं, आता तू बोल.

विमान नैरोबीला थांबतं आणि मग दारेसलाम. माझ्या शेजारी मोंबासाला निघालेली एक गुजराती आजी होती. लोणच्याच्या बरणीला तिने पट्टा बांधला होता, स्वतःला नाही. हवाईसुंदरीने सांगितलं तर म्हणाली, मी पडले तर उठेन, हे सांडलं तर?

दारेसलाम मला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. बंदर, खारा वारा, लोखंडी जिन्यांच्या जुन्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या. भाषाही निम्मी आपली: दुकानाला दुका, गाडीला गारी, चहाला चाय, चपातीला चपातीच. आम्ही राहायचो कांताबेन नावाच्या गुजराती बाईंच्या घरात. वर दोन खोल्या आमच्या, तेच ऑफिस आणि तोच पत्ता. खाली त्यांच्या नवऱ्याची काजू-लवंगांची पेढी, आणि पेढीत टेलेक्स. सकाळी मंदाजी नावाची गोड पुरी आणि चहा, दुपारी कांताबेनकडे वरण-भात. रस्त्यावर शहाळं मिळतं ते जरूर प्या. संध्याकाळी एकट्याने अंधाऱ्या गल्ल्यांत शिरू नका.

तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. मी सकाळी दहाला मशीनवर बसलो की अंधेरीत साडेबारा, अलकाचा डबा उघडायच्या आधीची वेळ. पहिल्या दिवशी मजकूर संपल्यावर मशीन आपणहून खडखडलं: 'डब्यात गवार. तुझ्याकडे काय' आणि पुढे अधिक, प्रश्नचिन्ह. समोर बसलेल्या कांताबेनच्या नवऱ्याने विचारलं, काजूचा भाव आला का? मी म्हटलं, गवारीचा आला.

दुसऱ्या महिन्यात कर्णिकसाहेब मला विहीर दाखवायला घेऊन गेले. हा प्रवास ज्याला जमेल त्याने करावा, पण कंबर मजबूत असेल तरच. लँडरोव्हर, ड्रायव्हर हमीसी, दोन दिवसांचं पाणी. किबिटी गावापर्यंत रस्त्याला रस्ता म्हणता येतं. पुढे लाल वाळू, मग काळी माती, आणि मग रुफिजी नदी. पूल नाही. एक तराफा गाड्या घेऊन पलीकडे जातो, तो आला की निघायचं. आम्ही साडेचार तास काठावर बसलो. दोन्ही बाजूंना आंबे, काजू, नारळ. कुणी डोळे बांधून आणलं असतं तर मी मालवणजवळचं गाव समजलो असतो. फक्त नदीत जे खडक वाटत होते ते मधूनच फुरफुरून पाणी उडवायचे. पाणघोडे.

त्या काठावर साहेबांनी मला भागीदारी शिकवली. माझ्या डोक्यात साधा प्रश्न होता: सगळं काम ऑपरेटर करतो, तर आपण तिथे कशाला? साहेब म्हणाले, आपण हो किंवा नाही म्हणायला. विहीर ठरलेल्या खोलीला पोचली, आणि आणखी खोल जायचं असलं, की ऑपरेटर प्रत्येक भागीदाराला नोटीस देतो. एरवी उत्तराला महिना मिळतो. पण यंत्र विहिरीवर उभं असेल तर त्याचा खर्च तासातासाने वाढत असतो, म्हणून मुदत फक्त अठ्ठेचाळीस तास. रविवार धरून. नोटीस करारातल्या पत्त्यावर पोचली की घड्याळ सुरू. आपला पत्ता म्हणजे कांताबेनच्या वरच्या खोल्या.

"आणि उत्तरच दिलं नाही तर?" मी विचारलं.

"तर नाही धरतात. बाकीचे आपल्या हिमतीवर पुढे खणतात आणि खाली जे मिळेल ते त्यांचं."

मला हे विचित्र वाटलं. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. मुलगी खाली मान घालून बसली की पेढे वाटतात. मी तसं बोललोही. साहेब हसले, भिंग पुसत म्हणाले, "इथे कोणी कोणाची मान बघत नाही. शब्द पोचला पाहिजे, तोही वेळेत."

मी ऐकलं. पाठही केलं. नंतर काय केलं ते पुढे येतंच.

विहीर किल्वा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावापुढे आत होती. आधी एक भली मोठी गोरखचिंच दिसली, फुगीर खोडाची, अगदी आमच्या टपरीवरची थोरली बहीण, आणि तिच्यामागे लोखंडी मनोरा. जवळ गेल्यावर काही ऐकू येत नाही, इतका आवाज. पण मला जे पाहून भरून आलं ते वेगळंच: ताडपत्रीखाली रचलेल्या गोण्या आणि प्रत्येकीवर छापलेलं 'अंधेरी (पूर्व), मुंबई'. त्यांतल्या कित्येक मी स्वतः मोजून ट्रकवर चढवल्या होत्या. वर आलेला चिखल चाळून त्यातले दगडाचे कण धुऊन छोट्या कापडी पिशव्यांत भरायचे, हे साहेबांचं काम. त्यांनी मला एक चिमूट तळहातावर देऊन भिंगातून दाखवली. मला वाळू दिसली. ते म्हणाले वाळूच आहे, पण गेल्या दोन दिवसांत ती बदलते आहे, आणि चिखलातून किंचित गॅसही येतो आहे. ठरलेली खोली आठवड्यात संपेल. खरी गोष्ट त्याखाली आहे, असं त्यांना वाटत होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरींचे दगड धुतलेला माणूस. पहिल्यांदाच एका विहिरीत स्वतःच्या कंपनीचा वाटा होता, मग तो पाच टक्के का असेना.

ते तिथेच राहणार होते. मला परत पाठवताना त्यांनी एक बंद पाकीट दिलं. आत शेठजींना चिठ्ठी: खोल जायला हो म्हणा. "नोटीस आली की त्याच तासाला नोटीस आणि ही चिठ्ठी दोन्ही अंधेरीला धाड. त्यांचा हो आला की ऑपरेटरच्या ऑफिसात नेऊन दे आणि पोच घे. एवढंच काम आहे तुझं. तोवर दारेसलाम सोडायचं नाही."

मी गुरुवारी परत पोचलो. मशीनवर अलकाच्या ओळी साठल्या होत्या. शेवटची त्या दिवसाचीच:

'रविवारी पाच वाजता बोरिवलीचा मुलगा बघायला येतोय. बँकेत आहे. बाबांना काय सांगू' आणि पुढे अधिक, प्रश्नचिन्ह.

आज मी ती ओळ वाचतो तेव्हा त्यात एक मुलगी दिसते, जी मला सांगते आहे की मी अडवून धरते, तू फक्त शब्द दे. त्या दिवशी मला फक्त 'काय सांगू' दिसलं. दोन वर्षं बरोबर चहा पिऊन हिला विचारावं लागतं? माहीत नाही हिला? मी पट्टी पाडली: 'थांब. मी येतो. बाबांना नाही म्हणून सांग.' पट्टी मशीनला लावली, अंधेरीचा नंबर फिरवणार, आणि डोक्यात काहीतरी सटकन वर गेलं. पट्टी ओढून काढली, गुंडाळून खिशात टाकली. म्हटलं, बसू दे दोन दिवस विचार करत. समजेल.

शुक्रवारी सकाळी मी झांजिबारच्या बोटीत बसलो.

आता झांजिबार. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो की पासपोर्ट बरोबर ठेवा, एकाच देशात असलं तरी उतरताना बघतात. बोट निवांत जाते, अर्धा दिवस धरा, आणि वाऱ्याच्या दिवशी पोटात काही ठेवू नका. बेट दिसायच्या आधी त्याचा वास येतो, असं सगळे सांगतात. मला खरंच आला. धक्क्यावर लवंगांची पोती होती. जुन्या शहरात गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि दारांवर पितळेचे टोकदार खिळे, आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांना असतात तसे. एका गोव्याच्या शिंप्याने माझं मराठीतलं पुटपुटणं ऐकून मला दुकानात बसवलं आणि मासे-भात खाऊ घातला, पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी समुद्रासमोरच्या बागेत कोळशावर भाजलेला माकूळ मिळतो, वर लिंबू आणि तिखट. आमच्या आईच्या हातचा सोडला तर असा मी कुठे खाल्ला नाही. पाणी हिरवं, मग निळं, मग पुन्हा हिरवं. हे सगळं खरोखर तसंच आहे. जाऊ नका असं मी म्हणणार नाही.

शनिवारी दुपारची परतीची बोट होती. मी धक्क्यावर होतो, तिकीट हातात होतं. भोंगा झाला. मी एका पोत्यावर बसून राहिलो. दर पाच मिनिटांनी मनात म्हणत होतो, आता ती मशीनकडे बघत असेल, बघू दे. मला कुणी अडवलं नव्हतं, बोट चुकली नव्हती, आजारी नव्हतो. बोट सुटताना मी बघितली. मग उठून तिच्यासाठी पावशेर लवंगा घेतल्या, जणू त्यानेच काहीतरी होणार होतं.

रविवारी संध्याकाळी सहाला मी जिना चढलो. टेबलावर चहाच्या डब्याखाली लांब पाकीट होतं. वर पोचल्याची वेळ आणि कांताबेनची सही: शुक्रवार, सकाळी अकरा. मी गेल्यावर तीन तासांनी. मुदत रविवारी अकराला संपली होती, सात तास आधी. मी खाली धावत गेलो आणि कांताबेनवर ओरडलो, मला शोधलं का नाही. त्या बाई शांतपणे वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "शनिवारे पण माणस आव्यो हतो, भाई. मैं क्या बोलती? आपने बताया कहाँ जाते हो?"

तरी मी पट्ट्या पाडल्या, सोडल्या. अंधेरीच्या मशीनने आपलं नाव उमटवलं, ते माणूस नसला तरी उमटवतं. पुढे काहीच आलं नाही.

सोमवारी ऑपरेटरच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर गोरा, वयस्क, बोलायला सभ्य. त्याने माझ्यासमोर करार उघडून ते कलम दाखवलं आणि सांगितलं की आमचं उत्तर न आल्यामुळे उरलेल्या दोघांनी पुढे जायचं ठरवलं, रविवारी दुपारीच काम सुरू झालं. मी टेबलावर मूठ आपटली. साहेबांची चिठ्ठी त्याच्या तोंडापुढे नाचवली, जे बोलू नये ते बोललो. तो फक्त म्हणाला की ही चिठ्ठी बुधवारची दिसते. बाहेर हमीसी गाडीला टेकून उभा होता. काय झालं हे त्याला सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तो म्हणाला, "पोले." तिकडे कुणाला ठेच लागली, कुणाचं कुणी गेलं, तरी हाच शब्द. दोष कुणाचा ते त्यात येत नाही.

साहेब मंगळवारी आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नोटीस वाचली, वेळ वाचली, चष्मा काढला.

"कुठे होतास?"

"झांजिबारला."

"का?"

मी अलकाचं सांगितलं. सगळं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, नोटिशीची घडी घातली. मग म्हणाले, "मी माझी चिठ्ठी तुझ्या खिशात ठेवायला नको होती. चूक माझी."

यापेक्षा वाईट वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

महिनाभराने आम्हाला परत बोलावलं. अंधेरीला शेठजींच्या केबिनमध्ये बैठक झाली. दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेर बाकावर. साहेबांचा आवाज ऐकू येत होता: निर्णय पोचवायची जबाबदारी माझी होती, मुलाचं नाव यात घेऊ नका. मला उठून आत जायचं होतं. एरवी कशालाही ताडकन उठणारा मी, त्या दिवशी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो आणि शेठजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले की त्यांना ठाऊक होतं, पण विहिरीवर आमच्या वतीने सही कर्णिकांची होती. मला त्याच दिवशी मोकळं केलं. साहेबांना चारकोपच्या गोदामात पाठवलं, गोण्यांचं वजन तपासायला. विहिरीला पुढच्या अडीचशे मीटरमध्ये गॅस लागला, ही बातमी त्यांना तिथेच कळली. किती आहे, उपयोगाचा किती, हे ठरायला वर्षं जातील म्हणतात. पण लागला. ते म्हणाले होते त्याच वाळूत. मी मध्यंतरी चारकोपला जाऊन आलो. त्यांनी मला त्या वाळूची एक पिशवी दाखवली, दारेसलामहून कुणीतरी पाठवलेली. भिंगही दिलं. या वेळी मी नीट बघितलं.

आता राहिली अलका. शेवटचा पगार घ्यायला गेलो तेव्हा ती मशीनवरच होती. लग्न ठरलं होतं, बोरिवलीचंच. ती आपणहून माझ्याबरोबर टपरीपर्यंत आली. गोरखचिंचेखाली आम्ही उभे राहिलो, चहा सांगितला नाही. मी खिशातून ती पट्टी काढून दिली, गुरुवारची. तिने ती उजेडासमोर धरली, बोटांतून हळूहळू पुढे सरकवत वाचली. एकदा, मग पुन्हा.

"ही गुरुवारी पाडलीस?"

"हो."

"मग सोडली का नाहीस?"

"तू विचारलंस म्हणून राग आला. तुला माहीत असायला हवं होतं."

"विचारायचं नाही तर काय करायचं रे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रविवारी मी इथे आले होते. घरी सांगितलं ओव्हरटाइम आहे. वॉचमनकडून किल्ली घेतली. दहापासून मशीनसमोर बसले. दोन वाजता उठले, कारण पाचला ते लोक येणार होते."

मी हिशोब केला, तेवढ्यातही केला. तिचे दीड वाजता माझे अकरा. नोटिशीची मुदत संपली तेव्हा अलका मशीनसमोर होती. मी शनिवारच्या बोटीने आलो असतो आणि रविवारी पहाटे उठून दोन पट्ट्या लावल्या असत्या, एक साहेबांची, एक माझी, तर दोन्ही तिच्या हातात पडल्या असत्या. शेठजी राहायला पार्ल्याला, रिक्षाने दहा मिनिटं. ती धावत गेली असती. मी तिला ओळखतो.

हे मी तिला बोललो नाही. तिला नोटिशीचं सगळं माहीत होतं, ऑफिसातच होती ती. तिने केव्हाच जुळवून पाहिलं असणार. तिने पट्टी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "शेवटी अधिक प्रश्नचिन्ह टाकलं नाहीस." आणि आत गेली. तिची लाइन येणार होती.

तर पोरांनो, आफ्रिकेला जा. लस दहा दिवस आधी, साबण जास्तीचा, रुफिजीच्या काठाला खायला काहीतरी बरोबर, झांजिबारला किमान दोन दिवस. तिथली माणसं चांगली आहेत, आणि आपल्या माणसाला तो देश परका वाटत नाही. मला संधी मिळाली तर मीही पुन्हा जाईन, पण आता मला कोण नेणार? सध्या मुलुंडला एका वर्कशॉपमध्ये चलनं लिहितो. टेंपररीच आहे.

लवंगा घरीच राहिल्या. अलकाला द्यायला नेल्या होत्या त्या दिवशी, दुसऱ्या खिशात होत्या, तशाच परत आल्या. आईने बरणीत भरून ठेवल्यात. रविवारी माशाच्या वाटपात ती दोन टाकते आणि वडील प्रत्येक वेळी म्हणतात, हय अशी लवंग मेळाची नाय. मी खाली मान घालून जेवतो. ते समजतात, मला आवडलं.